फळ्यावरचे सहा आकडे: मोठ्या गोठ्यांसाठीच्या एका सल्लासेवेचे परीक्षण

सांगली जिल्ह्यात, विशेषतः वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात, ऊस सांभाळून जोडीला पाच-दहा गायी ठेवणारी घरे गावोगाव आहेत. पण अलीकडे शंभर-दीडशे संकरित गायींचे, मुक्तसंचार पद्धतीचे आणि यंत्राने दूध काढणारे गोठेही उभे राहिले आहेत, आणि त्यांच्या अडचणी लहान गोठ्यापेक्षा नुसत्या मोठ्या नसून मुळातच वेगळ्या आहेत. पाच गायींच्या घरात वैरण घालणारी, धार काढणारी, गाय माजावर (म्हणजे गाभण राहण्याच्या काळात) आल्याचे ओळखणारी आणि डॉक्टरांना फोन करणारी व्यक्ती बहुधा एकच असते, त्यामुळे कोणी कोणाला काय सांगायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. आमच्या गोठ्यात हीच कामे दहा-बारा माणसांत वाटलेली आहेत. त्यांपैकी काही जण जतकडचे, काही सीमेपलीकडच्या कर्नाटकातले आणि काही बिहारमधून आलेले आहेत. ज्याच्या डोळ्यांसमोर गोष्ट घडते त्याला ती कोणाला सांगावी हे ठाऊक नसते, आणि ज्याने निर्णय घ्यायचा त्याला ती एक-दोन दिवस उशिरा कळते. या उशिराची किंमत दुधात मोजावी लागते. ती कमी करून देण्याचा दावा करणारी एक सल्लासेवा आम्ही घेतली, आणि पुढचे परीक्षण तिच्याविषयी आहे.

सेवा देणारी संस्था पुण्यातील आहे. सुरुवातीला त्यांचा पशुवैद्यक आणि व्यवस्थापनाचा जाणकार असे दोघे येऊन गोठ्याची पाहणी करतात आणि कामगिरी मोजण्याचे निकष ठरवून देतात. त्यानंतर गोठ्यात एक मोठा फळा लावून त्यावर ते आकडे रोज लिहिण्याची शिस्त बसवतात. आठवड्यातून एकदा सर्व कामगारांची उभ्याउभ्याच छोटी बैठक घ्यायला लावतात, जिला महिन्यातून एकदा त्यांचा माणूस स्वतः हजर राहतो. आणि मोबाइल ॲपवर भरलेल्या नोंदींवरून दरमहा एक अहवाल पाठवतात. महिन्याचे शुल्क एका अनुभवी दूध काढणाऱ्या कामगाराच्या पगाराच्या आसपास पडते. माझे मत आधीच सांगून टाकतो: फळा आणि बैठक यांसाठी ही सेवा घेण्याजोगी आहे, ॲप आणि अहवाल यांसाठी नाही.

मोजमाप गोठ्याला नवे आहे अशी समजूत करून घेऊन ही मंडळी येतात, ती मात्र खरी नाही. दूध संकलन केंद्रावरून येणाऱ्या चिठ्ठीवर लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक) हे तिन्ही आकडे वर्षानुवर्षे येत आहेत, आणि गायीच्या दुधाला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याखाली गेले की पॉइंटप्रमाणे (०.१ म्हणजे एक पॉइंट) कपात होते, हे कोणाही दूध उत्पादकाला सांगावे लागत नाही. अडचण अशी की ती चिठ्ठी आमच्या कार्यालयातील खणात जाऊन पडत असे. फॅट घसरण्याचे कारण पुष्कळदा खाद्यात असते. वैरणीचा भाग कमी होऊन पेंड आणि भरडा वाढला, किंवा मुरघासाचा (खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या वैरणीचा) नवा खड्डा उघडला आणि त्याची कुट्टी फारच बारीक निघाली, की रवंथ कमी होते, पोटातील आम्लता वाढते आणि फॅट खाली येते. म्हणजे चिठ्ठीतील आकडा ज्याच्या कामाविषयी बोलत होता, त्या खाद्य मिसळणाऱ्या माणसाने तो कधी पाहिलेलाच नव्हता. आता सकाळ-संध्याकाळचे फॅट फळ्यावर लिहिले जाते, आणि ते दोन पॉइंट उतरले तर मी विचारण्याआधी तोच येऊन खड्डा बदलल्याचे सांगतो. एवढ्या साध्या बदलासाठी पुण्याहून माणूस कशाला हवा, असा प्रश्न थोरल्या काकांनी विचारला होता, आणि तो रास्त आहे. पण खणातली चिठ्ठी बाहेर काढण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते, हेही तितकेच खरे.

कोणता आकडा फळ्यावर घ्यावा याविषयी या सेवेची मूळ भूमिका मला पटली. सांगलीकरांना ती समजावून सांगण्यासाठी आयर्विन पुलाकडे बोट दाखवले तरी पुरे. पावसाळ्यात पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे शहरातील शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा कोणत्या गल्लीत काय झाले असेल हे लोक त्या एका आकड्यावरून ताडत होते. त्या आकड्याला सर्वांना ठाऊक असलेली मर्यादा आहे, तो ताजा असतो, आणि तो ऐकल्यावर कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असते. गोठ्यातील आकड्यानेही या तीन कसोट्यांना उतरले पाहिजे, असा या मंडळींचा आग्रह असतो. त्यांच्या छापील यादीत मात्र तिसाहून अधिक निकष आहेत, आणि स्वतःचीच कसोटी लावली तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक गळून पडतील. आम्ही सहा ठेवले.

दोन वेतांमधील अंतर हा यादीतील पहिलाच निकष घ्या. दुग्धव्यवसायाच्या अर्थकारणात तो महत्त्वाचा आहे यात शंका नाही. गाय साधारण तेरा-चौदा महिन्यांनी वितली पाहिजे, आणि हे अंतर लांबले की भाकड काळ वाढतो, खाद्याचा खर्च चालू राहतो आणि वर्षाचे दूध घटते. परंतु गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा असल्याने आज हाती येणारे अंतर हे निदान नऊ-दहा महिन्यांपूर्वीच्या कामाचे फळ असते. ज्याने तेव्हा माज चुकवला तो कामगार कदाचित आज कामावर नसेलही. असा आकडा बँकेला आणि मालकाला उपयोगी पडतो. फळ्यावर लिहून कामगारांसमोर त्याची चर्चा करण्यात अर्थ नसतो.

त्याऐवजी या सेवेने जो निकष सुचवला, त्याच्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. गाय वितल्यानंतर साधारण ६० दिवस सोडून द्यायचे आणि त्यापुढे जी गाय गाभण नाही, तिने दर २१ दिवसांच्या फेरीत माजावर यावे अशी अपेक्षा धरायची. अशा पात्र गायींपैकी किती गायींचा माज आपल्या माणसांनी प्रत्यक्ष टिपला, आणि कृत्रिम रेतन केलेल्यांपैकी किती गाभण राहिल्या, या दोन प्रमाणांचा गुणाकार म्हणजे त्या फेरीतील यश. शंभर पात्र गायींपैकी पन्नास टिपल्या आणि त्यांतील ४० टक्के गाभ धरून राहिल्या, तर हाती फक्त वीस लागतात. गाभ राहण्याचे प्रमाण वाढवणे अवघड काम आहे. त्यात वीर्यमात्रेची प्रत, रेतन करणाऱ्याचा हात, गायीचे खाद्य, उन्हाळा आणि गर्भाशयाचे आरोग्य अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात आणि निकालही तपासणीनंतरच, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी कळतो. माज टिपण्याचे प्रमाण मात्र त्याच दिवशी कळते, आणि पन्नासाच्या जागी सत्तर टिपल्या तर बाकी काहीही न बदलता विसाच्या जागी अठ्ठावीस गायी गाभण राहतात. हे गणित फळ्यावर खडूने मांडून दाखवल्यावर बैठकीत पहिल्यांदाच सगळे गप्प न राहता एकमेकांशी बोलू लागले.

आणि त्या बोलण्यातून जे बाहेर आले ते कोणत्याही ॲपमधून आले नसते. जास्त दूध देणाऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींचा माज थोडे तास टिकतो, आणि आपल्याकडच्या उष्ण हवामानात गायी एकमेकींवर चढण्याच्या बहुतेक खुणा रात्री आणि पहाटे दिसतात. म्हणजे माज ओळखण्याच्या कामात गोठ्यातील सर्वांत महत्त्वाचा माणूस हा रात्रीचा राखणदार असतो. पण त्याला आजवर कुत्री आणि चोर यांपलीकडे काही विचारले गेले नव्हते, आणि सकाळी दूध काढणारे येण्याआधी तो घरी जात असे. बैठकीची वेळ त्याची पाळी संपायच्या वेळेला जोडून घेतली तेव्हा तो म्हणाला, "मालक, मला रातीला समदं दिसतंय, पर सकाळी इचारतंय कोण?" आता त्याच्याकडे रंगीत खडू आहेत, जी गाय चढू देते तिच्या पाठीवर तो खूण करतो, तिच्या गळ्यातील बिल्ल्याचा क्रमांक फळ्याच्या ठरलेल्या चौकटीत लिहितो, आणि पहाटे दिसलेल्या माजाला संध्याकाळी रेतन हा जुना नियम पाळणे त्यामुळे शक्य होते. (सरकारी पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक अशा कामाला निरुपयोगी आहे, मोठ्या अक्षरांतील तीन अंकी बिल्ला वेगळा करून घ्यावा लागतो.) उलटणाऱ्या, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येणाऱ्या गायींचा दोष आम्ही वर्षानुवर्षे रेतन करणाऱ्याच्या माथी मारत आलो होतो, त्यातील काही भाग तरी चुकीच्या वेळी बोलावण्याचा होता, हे त्या चौकटीने दाखवून दिले.

कासदाहाच्या, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या दगडी या रोगाच्या बाबतीत मात्र हीच सेवा साफ चुकली, आणि ती चूक कशी झाली हे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. त्यांच्या नमुना फळ्यावर 'पाळीनिहाय नवे दगडीचे रुग्ण' असा रकाना होता. प्रत्येक पाळीत दूध काढणाऱ्यांनी पहिल्या तीन-चार धारा काळ्या तबकडीत काढून गाठी किंवा पाणी दिसते का ते पाहायचे, आणि रुग्ण आढळल्यास आकडा लिहायचा. ज्या पाळीचा आकडा मोठा तिला बैठकीत कारण विचारले जाई. काही आठवड्यांतच रकान्यातील आकडे सुरेख खाली आले आणि मासिक अहवालात हिरवा बाण उमटला. त्याच काळात बल्क कूलरमधील (सगळे दूध एकत्र साठवून थंड ठेवणाऱ्या टाकीतील) दुधाच्या नमुन्यातील कायिक पेशींची, म्हणजे कासेत संसर्ग झाला की दुधात वाढणाऱ्या पेशींची संख्या मात्र तसूभरही उतरली नव्हती. निरोगी सडाच्या दुधात ती मिलिलिटरला साधारण दोन लाखांच्या आत असते, आणि युरोपीय संघात चार लाखांच्या वरचे दूध मानवी आहारासाठी स्वीकारले जात नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दर फॅट आणि एसएनएफवर ठरत असल्याने या आकड्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून तो आमच्या अहवालाच्या शेवटच्या पानांत पडून होता. रोग घटला होता की सांगणे घटले होते, याचे उत्तर या दोन आकड्यांना शेजारी ठेवल्याबरोबर मिळते. ज्या आकड्याबद्दल जाब विचारला जातो तो आकडा माणसे लपवतात, आणि त्यात कामगारांचा अप्रामाणिकपणा शोधण्याचे कारण नाही; आपला रोजगार सांभाळणारा कोणताही शहाणा माणूस हेच करेल.

आम्ही रकाना बदलून घेतला. आता फळ्यावर 'पहिल्या धारेत सापडलेले' असे लिहिले जाते, म्हणजे सूज येण्याआधी, गाय दूध देताना लाथ मारू लागण्याआधी जे सापडले ते. आणि हा आकडा जितका मोठा तितकी त्या पाळीची नजर तीक्ष्ण, असा त्याचा अर्थ बैठकीत लावला जातो. शेजारी कूलरमधील पेशींची संख्या असते, जी कोणा एकाची नसून सगळ्यांची आहे. आठवड्यातून एकदा संशयित गायींची चार खळग्यांच्या पात्रातील सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही कासदाहाची चाचणी सर्वांसमोर होते, आणि द्रावण टाकल्यावर दूध घट्ट होताना पाहिले की बिहारच्या मुलाला मराठीत आणि जतच्या माणसाला हिंदीत समजावण्याची गरज उरत नाही. या दुरुस्तीला सल्लागारांनी सुरुवातीला विरोध केला, कारण त्यांच्या सर्व ग्राहकांचे आकडे एकाच साच्यात असले तर तुलना करता येते. अखेर त्यांनी मान्य केले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

वासरांसाठी सुचवलेला निकष छोटा आणि नेमका आहे: पहिल्या दोन तासांत चीक पाजला की नाही, आणि किती. एचएफ वासराला त्याच्या वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे साधारण चार लिटर चीक लवकरात लवकर जायला हवा, आणि चिकाची प्रत ब्रिक्समीटरवर २२ किंवा त्याहून अधिक आली तर तो चांगला समजतात. ज्या जिल्ह्यात द्राक्षाची गोडी मोजायला हे यंत्र बागाबागांत आहे, तिथे गोठ्यासाठी वेगळी खरेदी करायची गरज पडू नये. आम्ही ते पाहुण्यांच्या तासगावच्या बागेतून उचलून आणले, आणि सल्लासंस्थेच्या दुकानातून महागडे यंत्र घेण्याचा आग्रह सौजन्याने टाळला.

मासिक अहवालाविषयी लिहिताना हात आखडता घेणे कठीण आहे. वीस-बावीस पाने, रंगीत आलेख, आणि प्रत्येक निकषापुढे लाल किंवा हिरवा बाण. आमच्यासारख्या गोठ्यात महिन्याला पंधरा-वीस रेतने होतात असे धरा. पंधरापैकी सहा गायी गाभण राहिल्या तर प्रमाण ४० टक्के, आठ राहिल्या तर ५३ टक्के. म्हणजे केवळ दोन गायींच्या फरकाने अहवालात लाल बाणाचा हिरवा होतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लाल. इतक्या लहान संख्येत अशी चढउतार नशिबानेही होते, त्यावरून रेतन करणाऱ्याच्या कौशल्याबद्दल काही ठरवणे अन्यायाचे आहे. अहवालात त्याचे नाव आणि त्यापुढे लाल बाण छापला गेला तेव्हा तो दुखावला, आणि त्याचे येणे काही दिवस अनियमित झाले. संवाद सुधारण्यासाठी विकत घेतलेल्या सेवेने एका चांगल्या माणसाशी असलेला संवाद बिघडवावा, हे पैसे देऊन दुखणे घेण्यासारखे झाले. हा आकडा तीन-चार महिन्यांचा एकत्र करून, आणि तोही खासगीत, त्याच्याशी बसून पाहायचा असतो. पण अहवाल यंत्रातून निघतो, त्याला हा विवेक कोठून असणार?

बक्षिसाची त्यांची कल्पनाही तितकीच अविचारी वाटली. सरासरी दूध वाढले तर दूध काढणाऱ्यांना वाढीव रक्कम, असा प्रस्ताव होता. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चढतो, तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक ७२ च्या वर गेला की एचएफ गायींना ताण जाणवू लागतो, त्या कमी खातात आणि दूध उतरते. पंखे आणि फवारे बसवणे हे मालकाचे काम. त्याच्या कुचराईचा किंवा निव्वळ उन्हाचा भुर्दंड दूध काढणाऱ्याच्या खिशावर का पडावा? आम्ही तो प्रस्ताव नाकारला आणि दिवाळीचा बोनस पूर्वीसारखा सर्वांना सारखाच ठेवला.

ॲप इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही. सांगली-सातारा-कोल्हापूर या दूधपट्ट्यात सेवा विकणाऱ्यांनी एवढी तसदी घ्यायला हवी होती. नोंदी भरायला आमच्या घरातील कॉलेजला जाणारी मुलगी रोज वेळ काढते म्हणून ते चालते. तिची परीक्षा आली की ॲप रिकामे आणि फळा भरलेला अशी स्थिती असते, आणि त्या दिवसांत गोठ्याचे काहीही अडत नाही. त्यांच्या माणसाची मासिक भेट मात्र मोलाची ठरली. तरुण पशुवैद्यक आहे, कामगारांशी 'अहो दादा' म्हणून बोलतो, स्वतः शेणात उतरतो, आणि मालकासमोर जे कोणी बोलत नाही ते त्याच्याजवळ बोलतात. पाण्याच्या हौदाजवळ संध्याकाळी गायींची गर्दी होते, शिंगे लागतात आणि अशक्त गायी तहानलेल्या राहतात, हे त्याच्यामार्फतच आमच्यापर्यंत पोहोचले. दुसरा हौद बांधला. बाहेरचा माणूस दुवा म्हणून जे करू शकतो ते घरातल्याला जमत नाही, विशेषतः जिथे मालक, व्यवस्थापक आणि पुतण्या एकाच घरातले असतात.

ही सेवा कोणी घ्यावी, याचे उत्तर गायींच्या संख्येपेक्षा माणसांच्या संख्येवर अवलंबून आहे. जिथे घरचेच दोघे-तिघे गोठा पाहतात तिथे चाळीस गायी असल्या तरी तिची गरज नाही. जिथे दोन पाळ्या आहेत आणि त्या पाळ्या एकमेकांना भेटत नाहीत, तिथे कमी गायींनाही ती उपयोगी पडेल. करार करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: निकष किती आणि कोणते हे ठरवण्याचा अंतिम अधिकार मालकाचा राहील; कोणाचेही वैयक्तिक नाव अहवालात छापले जाणार नाही; आणि करार संपल्यावर गायींच्या सर्व नोंदी एक्सेलच्या फाइलमध्ये परत मिळतील. शेवटच्या मुद्द्यावर आमच्या करारात काहीच नव्हते, आणि विचारल्यावर मिळालेले उत्तर गुळमुळीत होते, म्हणून जुन्या वह्या आम्ही बंद केलेल्या नाहीत. येत्या नूतनीकरणाच्या वेळी ॲप आणि अहवाल वगळून केवळ मासिक भेट व बैठक यांचे निम्मे शुल्क देण्याची तयारी आम्ही कळवली आहे. असे वेगळे पॅकेज नसल्याचे त्यांचे म्हणणे आहे, आणि बोलणी चालू आहेत.